हंडा कोणाच्या बाजूला?

“एका माणसाला एक मत. यात अन्याय कुठे आहे, बाबा, तेवढं दाखवा!”

नूरबाबा सुईच्या नेढ्यात दोरा ओवत होते. दोरा नेढ्याच्या बाजूने निघून गेला.

“दाखवा ना!”

“डोळे गेले रे माझे. तूच बघ,” म्हणून बाबांनी सुई-दोरा विश्वंभरच्या हातात दिला.

विश्वंभरने एका झटक्यात दोरा ओवला आणि सुई परत केली. बाबा पुन्हा आपल्या कफनीला ठिगळ लावू लागले.

हा विश्वंभर लहानपणी याच तकियात धुळाक्षरं शिकला होता. तकिया म्हणजे फकिराचं राहायचं ठिकाण. हा तकिया होता एका टेकडीवर. ओसरीत बसून डावीकडे पाहिलं की मळईचा सपाट, हिरवा, न संपणारा मुलूख दिसायचा. उजवीकडे पाहिलं की कारवीखोऱ्याचे डोंगर. बाबांना दोन्हीकडचे लोक मानायचे.

मळईचा हा विश्वंभर इथून पुढे मोठ्या शहरात शिकायला गेला आणि फार शिकला. इतका, की नदीकाठच्या सगळ्या राज्यांनी मिळून एक देश व्हायचं ठरवलं तेव्हा देशाच्या महासभेचा नियम लिहायचं काम त्याच्याकडे आलं. सभेत कुठल्या राज्याची किती माणसं बसणार, तो नियम.

त्याने तो सरळ लिहिला होता. वस्ती मोठी, खुर्च्या जास्त. वस्ती लहान, खुर्च्या कमी. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

एक कारवीखोरं सोडून.

कारवीखोरं सगळ्यात लहान. हिशेबाने त्यांच्या वाट्याला पुरती एक खुर्चीही येत नव्हती. ती एक विश्वंभरने आपल्या मनाने दिली होती, आणि एवढं करूनही हे लोक नाराज का, हे त्याला खरोखरच कळत नव्हतं.

पण नदीचा उगम होता कारवीखोऱ्यात.

“पंडित, सुई ओवून झाली असेल तर माझंही ऐका,” समोरून ठकूबाई म्हणाल्या.

कारवीखोऱ्याने बोलणी करायला ठकूबाईंना पाठवलं होतं. साठी उलटलेली, अंगाने काडी, आवाज मात्र एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जाईल असा.

“राज्य म्हणजे राज्य. घर लहान म्हणून त्याला कोणी अर्धा उंबरा लावत नाही. सगळ्यांना सारख्या खुर्च्या द्या.”

“म्हणजे तुमच्या एका मेंढपाळाचं मत माझ्या शंभर शेतकऱ्यांएवढं?”

“आणि तुमच्या नियमाने? आमची नदी कुठे अडवायची ते तुमचे शंभर ठरवणार, आणि आमचा एक बसून ऐकणार?”

“नुसता ऐकणार नाही. त्याला बोलायची मुभा आहे.”

“मुभा!” ठकूबाई हसल्या. “ती आमच्याकडे मेंढरालाही आहे.”

विश्वंभरचे कान तापले. त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा टाके घालत होते.

उन्हं कलायच्या आत ठकूबाई परत निघणार होत्या. त्यांच्या तोंडून ‘हो’ निघाला तर नियम पक्का होणार होता. ‘नाही’ निघाला तर... मळईत काही लोक आधीपासूनच म्हणत होते, की नदीचा उगमच बाहेर राहिला तर देश कसला? फौज पाठवा आणि खोरं घेऊन टाका. विश्वंभरला ते नको होतं. म्हणून तो भर बैठकीत उभा राहून म्हणाला होता, थांबा, मी त्यांच्याशी बोलून त्यांना आणतो.

बोलून बोलून त्याचा घसा बसायची वेळ आली होती.

“बाबा, तुम्ही काहीतरी सांगा. तुमचा शब्द या मोडणार नाहीत.”

बाबांनी दोरा दाताने तोडला.

“वाद आहे का दोघांत?”

“आहे की!”

“मग पाणी आणा.”

विश्वंभरने डोळे मिटून घेतले. ही तकियाची जुनी रीत. ज्याचा प्रश्न एकट्याचा, त्याने एकट्याने झऱ्यावरून कळशी आणायची. ज्यांचा वाद दोघांत, त्यांनी दोघांनी मिळून मोठा हंडा आणायचा, बांबूला टांगून, दोन टोकांना दोन खांदे लावून. हंडा काठोकाठ भरलेला वर आला की मगच बाबा बोलायचे. लहानपणी त्याने किती तरी भांडकुदळ लोकांना ओले होऊन वर येताना पाहिलं होतं. तेव्हा तो हसायचा.

“बाबा, मी आता...”

“हो, उंच झालास. दारातून जाताना वाकून जा.”

*

झरा टेकडीच्या पायथ्याशी होता. वाट एका वेळी एकच माणूस जाईल एवढी.

दोघांनी तांब्यातांब्याने तांब्याचा तो थोरला हंडा भरला. दोरीच्या शिंक्यात बसवला. बांबू आत घातला.

“कुठे टांगायचा?” विश्वंभरने विचारलं.

“मधोमध,” ठकूबाई म्हणाल्या. “कारवीखोरं कुणापेक्षा कमी नाही.”

“तुमचाच नियम. ठीक.”

तो पुढे झाला. त्या मागे. हंडा उचलला गेला, आणि पहिल्याच चढावर दोरी बांबूवरून घसरत मागे गेली. मागे म्हणजे ठकूबाईंच्या अंगावर. त्याला काहीच जाणवलं नाही. उलट हंडा किती हलका आहे, असंच त्याला वाटलं. तो लांब लांब ढांगा टाकत चालला.

“अहो पंडित... हळू.”

“हळूच चाललोय!”

“तुमचं हळू... म्हणजे... आमची पळापळ.”

दर पावलाला हंडा झुलायचा आणि पाणी हिंदकळायचं. ठकूबाईंनी तोंडातून ‘हाय’ म्हटलं नाही, पण वर पोचल्या तेव्हा त्यांचे पाय लटपटत होते आणि लुगडं गुडघ्यापर्यंत चिंब भिजलं होतं.

बाबांनी हंड्यात डोकावून पाहिलं. जेमतेम निम्मा. त्यांनी ते पाणी दारातल्या चिंचेच्या बुंध्याशी ओतलं आणि रिकामा हंडा पुढे केला.

*

“आता माझ्या नियमाने,” झऱ्यावर विश्वंभर म्हणाला. “मी तुमच्या तिप्पट तरी असेन. म्हणून पुढे मी. चाल माझी. कुठे थांबायचं ते मी ठरवणार.”

“बरं. आणि हंडा?”

“हंडा...” तो जरा थांबला. “हंडा मध्येच.”

“का हो? तिप्पट ना तुम्ही?”

विश्वंभर दोरी पुन्हा पुन्हा आवळत राहिला.

“म्हणजे मान डोक्यागणिक,” ठकूबाई बांबूवर बोट टोचून म्हणाल्या, “आणि ओझं आलं की सारखंसारखं.”

“आणि तुमचं?” आता तोही चिडला. “मान सारखा, आणि ओझं डोक्यागणिक! आत्ता मघाशी छाती काढून मधोमध म्हणालात. दम लागला तशी तिप्पट आठवली!”

ठकूबाईंनी ओठ दाबले. त्यांना हसू आलं होतं की राग, ते कळलं नाही.

“उचला,” त्या म्हणाल्या.

उचलला. तो पुढे, त्या मागे. या खेपेला ठकूबाईंनी एका हाताने दोरी धरून ठेवली होती, पण चढ लागला तशी ती बोटांना काचत मागे येऊ लागली. वाट जिथे वळते, तिथे एक सपाट दगड होता. ठकूबाईंनी बांबू खांद्यावरून उतरवला आणि त्या सरळ दगडावर बसल्या.

पुढे विश्वंभर गपकन थांबला. थांबावंच लागलं.

“हे काय?”

“बसले.”

“मी थांबायला सांगितलं नव्हतं!”

“नव्हतं. चला तुम्ही पुढे. तिप्पट आहात.”

विश्वंभरने खरंच प्रयत्न केला. बांबूचं मधलं अंग खांद्यावर घेतलं, मागच्या टोकाला हात लावला, एक पाऊल टाकलं... हंडा एका अंगाला झुकला, बांबू गरकन फिरला, आणि सगळं पाणी त्याच्याच जोड्यांत भरलं.

हंडा दगडावर आपटून टणकन वाजला.

विश्वंभर ओल्या पायांनी येऊन दगडाच्या दुसऱ्या कडेला बसला. त्याला नवल वाटत होतं. एवढीशी बाई. नुसती बसली, आणि सगळंच थांबलं.

“तुमची फौज येणार म्हणे वर,” ठकूबाई खाली बघत म्हणाल्या.

तो दचकला. ही गोष्ट बंद दारामागे बोलली गेली होती.

“कोण म्हणालं?”

“माझी धाकटी लेक मळईत दिलीय. जावई तुमच्या फौजेत आहे. आला तर तो माझ्याच अंगणातून येईल. दुसरी वाट नाही.”

विश्वंभरने ओला जोडा काढला. पाणी झटकलं. मग न राहवून विचारलं, “मग ‘हो’ का म्हणत नाही तुम्ही? मी दोष देत नाहीये. मला खरंच जाणून घ्यायचंय.”

ठकूबाईंनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

“म्हणेन की. ‘हो’ म्हणायला जीभ झिजत नाही. पण उद्या खालून कोणी नदी वळवली तर आमच्या पोरांना काय सांगू? एक खुर्ची होती, तिच्यावर बसून बघत होतो?”

त्याने जोडा पुन्हा पायात चढवला.

“आणि तुम्हाला सारख्या खुर्च्या दिल्या,” तो म्हणाला, “तर मी आमच्या माणसांना काय सांगू? तुम्ही पुष्कळ आहात, म्हणून तुम्ही एकेकटे कमी आहात?”

“...तेही खरंच.”

त्या असं म्हणतील, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्याने मान वळवून पाहिलं. ठकूबाई बांबूकडे बघत होत्या. डोळे बारीक करून, एखादं जनावर विकत घेताना बघतात तशा.

“पंडित.”

“हं?”

“हंडा मधेच कशाला टांगायचा, हे कोणी सांगितलंय?”

*

झऱ्यावर आता दोघांना घाई नव्हती.

हंडा भरला. विश्वंभरने दोरी वीतभर आपल्या बाजूला सरकवली. ठकूबाईंनी आपलं टोक उचलून पाहिलं.

“जड.”

आणखी थोडी सरकवली.

“अजून.”

“आता?”

“हं... आता पेलतंय. तुमचं बघा.”

त्याने आपलं टोक खांद्यावर घेतलं. खांदा चांगलाच दबला. पण मोडण्यासारखं काही नव्हतं. तो बांबूकडे बघत राहिला.

“गंमत आहे,” तो म्हणाला. “हंडा माझ्याकडे आला. पण बांबू तुमच्याकडे गेला.”

“म्हणजे?”

“बघा ना. माझ्या वाट्याला पाणी जास्त, तुमच्या वाट्याला बांबू जास्त. तुम्ही आता तुमच्या टोकाला थोडा जोर लावलात तरी हंडा सगळा हलेल. मघाशी तुमची एवढी ताकद नव्हती.”

“ताकद तेवढीच आहे. हात लांब झाला.”

विश्वंभरने दोरीला दुहेरी गाठ मारली, घसरू नये म्हणून. मग तो बाजूला झाला आणि म्हणाला, “पुढे तुम्ही.”

“मी?”

“तुमच्या चालीने मला चालता येतं. माझ्या चालीने तुम्हाला येत नाही. पाहिलं ना मघाशी.”

ठकूबाई पुढे झाल्या. वाट तीच, पण आता हंडा झुलत नव्हता. त्या पुढून सांगत होत्या, “दगड आहे... वळण आलं... डावीकडे निसरडं, बघून रे पोरा.”

‘पंडित’चा ‘पोरा’ कधी झाला, ते दोघांनाही कळलं नाही.

“ठकूबाई,” तो मागून म्हणाला. “महासभेत सगळ्यात जास्त खुर्च्या मळईच्याच राहतील.”

“राहू देत. माणसं आहेत तुमची, ती काय झाडावर बसतील?”

“पण आमच्या एकेका खुर्चीवर जास्त माणसांचा भार. तुमच्या खुर्चीवर कमी माणसांचा.”

ठकूबाईंची चाल जराशी मंदावली.

“म्हणजे आम्हाला एक नाही?”

“एक नाही. चार-पाच तरी. एकटा माणूस सभेत घाबरतो. चार असले की एक बोलतो आणि तीन त्याच्याकडे बघून माना हलवतात.”

“आणि तुमचे लोक ऐकतील? त्यांचं मत हलकं होणार.”

“थोडं हलकं होणार,” तो म्हणाला. खांदा ठणकत होता. “सांगेन त्यांना.”

“काय सांगशील?”

“की मी उचलून पाहिलंय.”

ठकूबाई मोठ्याने हसल्या. हंडा हलला, पाणी काठाला लागलं, पण सांडलं नाही.

“बरं, आणि नदी?”

“नदीचा विषय निघाला की पुढे तुम्ही. आधी तुमचं बोलणं संपेल, मग आमचे हात वर होतील.”

पुढे चालणाऱ्या माणसाची पाठ बरंच काही सांगते. ठकूबाईंची पाठ सरळ झाली होती.

*

हंडा काठोकाठ भरलेला अंगणात आला.

बाबा ओसरीतून बघत होते. विश्वंभरला राहवेना. लहानपणी गणित सुटलं की व्हायचं, तसं त्याला झालं होतं. चिंचेखाली लाकडं तोडायचा कोयता पडला होता. तो त्याने उचलला आणि बांबूवर, नेमकी दोरी होती त्या जागी, खोल खाच पाडली. दोरी खाचेत घट्ट बसवली.

“हे काय?” बाबांनी विचारलं.

“जागा सापडली, बाबा! आता हंडा इथेच टांगायचा. कायमचा. नियमातही असंच लिहितो, की कोणत्या राज्याला किती खुर्च्या ते एकदा ठरलं. यापुढे त्या आकड्याला कोणी हात लावायचा नाही. वादच मिटला.”

त्याने कौतुकाच्या आशेने ठकूबाईंकडे पाहिलं.

ठकूबाईंचा चेहरा उतरला होता.

“कायमचा?” त्या म्हणाल्या. “हे आपलं ठरलं नव्हतं.”

“पण यात तुमचाच फायदा आहे!”

“आज आहे.”

“मग?”

“दोरी सरकवली तेव्हा मला विचारत होतास. जड आहे का, पेलतंय का... खाच पाडताना विचारलंस?”

त्यांनी ओसरीच्या खुंटीवरची आपली घोंगडी काढली आणि खांद्यावर टाकली.

“उन्हं कलली. निघते मी.”

डाव्या हाताला मळईचा सपाट मुलूख उन्हात चमकत होता. तिथे आत्ता कुठे तरी ठकूबाईंचा जावई असेल.

“बेटी,” बाबा म्हणाले, “जाता जाता एवढं पुढचं टोक धर. हंडा ओसरीत न्यायचाय.”

“तुम्ही नका, बाबा. हा उचलेल की.”

“त्याने पुष्कळ उचललं. आता मी.”

बाबा उठले. पाठीला पोक आलेलं, उंची ठकूबाईंपेक्षाही कमी. ते मागच्या टोकाशी गेले. विश्वंभरच्या जागी. हंडा त्या टोकाच्या अगदी जवळ होता, खाचेत पक्का बसलेला.

“बाबा, थांबा...”

बांबू उचलला गेला.

बाबांचे गुडघे वाकले. मान खाली गेली. त्यांच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, आणि कफनीवर मघाशी लावलेलं ठिगळ खांद्याशी फाटत गेलं.

“बाबा, खाली ठेवा!”

“ठेवता येत नाही,” बाबा शांतपणे म्हणाले. “वाकलो तर पडेन. दोरी सरकव.”

विश्वंभरने दोरीला हिसका दिला. दोरी हलेना. त्याने दोन्ही हातांनी ओढली. खाच चांगली खोल होती. त्यानेच पाडली होती.

“सरकत नाही...”

“हं.”

“अरे बघतोस काय, खांदा लाव!” ठकूबाई पुढून ओरडल्या. “मधे घुस आणि उचल. आणि माझ्याकडे घे. माझ्याकडे! पेलते मी!”

विश्वंभर बांबूखाली शिरला. खांद्याने बांबू वर रेटला, हंडा एका हाताने तोलून धरला, आणि दोरी खाचेतून ओरबाडून काढली. बोटांची सालं निघाली. दोरी सुटली तशी त्याने ती ढकलत ढकलत पुढे नेली, मधोमध, आणि मधल्याही पुढे, ठकूबाईंकडे. ठकूबाईंनी दात आवळले. पाय रोवले.

बाबांची मान वर आली.

“हं... आता पेलतंय,” ते म्हणाले.

तिघांनी मिळून हंडा ओसरीत नेला. वाटेत ठकूबाई एकदाही थांबल्या नाहीत.

हंडा टेकला. कोणाला तरी धाप लागली होती. बहुधा सगळ्यांनाच.

विश्वंभर अंगणात गेला, कोयता घेतला, आणि खाचेच्या दोन्ही कडा तासू लागला. बराच वेळ तासत होता. मग त्याने त्या जागेवरून दोरी फिरवून पाहिली. ती अडकली नाही.

“ठकूबाई,” तो वर न बघता म्हणाला, “नियमात लिहितो, की दोरी सरकेल. आकडे बदलता येतील. पण एकट्याने बदलायचे नाहीत. मोठ्यांनीही नाही आणि लहानांनीही नाही. दोन्ही टोकांनी ‘हं’ म्हटलं तरच.”

ठकूबाईंनी घोंगडी खांद्यावरून काढली. तिची घडी घातली. घालताना बराच वेळ लावला.

“तसं लिही,” त्या म्हणाल्या. “कारवीखोरं येईल.”

मग अंगणाच्या कडेला जाऊन त्या सपाट मुलखाकडे बघत राहिल्या.

“आणि माझ्या जावयाला निरोप दे. वर यायचं तर जेवायला ये म्हणावं. बायकोला घेऊन.”

विश्वंभरने मान हलवली.

तो ओसरीत बाबांजवळ येऊन बसला. बाबा खांदा चोळत होते. तोही आपला खांदा चोळू लागला. समोर अंगणात ठकूबाईही तेच करत होत्या.

“बाबा... एक राहिलं.”

“विचार.”

“दोरी सरकवायची वेळ आली, हे कळायचं कसं? किती वर्षांनी?”

“वर्षांना काय विचारतोस? खांद्यांना विचार.”

“कोणाच्या?”

“ज्याचा दुखतोय त्याच्या.”

विश्वंभरने ठकूबाईंकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांच्या निघालेल्या सालांकडे.

“आणि दोघांचेही दुखत असले तर?”

बाबांनी तांब्या बुडवला, पाणी प्यायले, आणि तांब्या त्याच्या हातात दिला.

“मग दोघांनीही उचललंय. हंडा भरलेला आहे.”